रेल्वेने गाठलेलं बेट

आम्ही दक्षिण समुद्रातलं बेट बघायला बर्लिनहून रेल्वेने गेलो.

बेट खरं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. बर्लिनबाहेर एका अवाढव्य छपराखाली वाळू, माड, बेटवासीयांच्या झोपड्या आणि त्यांचे लाकडी देव मांडून ठेवलेत. (बाहेर बर्फ, आत घामाच्या धारा!) मी जर्मनीत आखनला शिकायला निघालो तेव्हा आई नवस बोलली होती, 'पोरगा इंजिनिअर झाला तर परमुलखात समुद्रकाठच्या देवापुढे नारळ फोडीन.' आता ती आमच्याकडे राहायला आली होती आणि तिची परत जायची वेळही झाली होती. खरा समुद्र उत्तरेला, पण या थंडीत तिथे आईचाच बर्फ झाला असता! घराण्यातला पहिला पदवीधर मी. तिचा नवस फेडणारच!

"अहो, ही पोहायची जागा आहे," बायको, मंजिरी, कुजबुजली.

"पाणी आहे, वाळू आहे, देव आहे. अजून काय लागतं?"

"ओमा, नाइन!" जर्मनमध्येच 'आजी, नको' म्हणत आमची लेक सई तिचा पदर ओढत होती. पण चड्डीवाल्यांच्या त्या गर्दीत नऊवारीतल्या आईने चपला काढून लाकडी देवाला हळदकुंकू वाहिलंसुद्धा!

"दिनू, कोणता रे हा देव?"

"समुद्रदेव," मी ठोकून दिलं. (शिकलेल्या मुलाने 'माहीत नाही' कसं म्हणायचं?)

"मग तूच फोड नारळ. त्या खडकावर. हाण जोरात!"

हाणला. फाट्! नारळ शाबूत. खडक फुटला!

खडक प्लॅस्टिकचा निघाला, आणि त्याच्या पोटात स्पीकर. बेटावरचे सगळे पक्षी एका क्षणात गप्प! त्या शांततेत शिट्टी फुंकत रखवालदार धावत आला.

'नवस' जर्मनमध्ये कसा सांगणार? मी म्हणालो, "आईचा देवाशी करार झालाय."

करार म्हटल्यावर गडी एकदम गंभीर झाला. "आल्झो, असं असेल तर करार पाळायलाच हवा. पण बाहेर!"

त्याने आम्हाला दारापाशी बर्फात नेलं. पायरीचा दगड अस्सल होता. एका दणक्यात नारळ फुटला. आईने एक भकल आत नेऊन देवापुढे ठेवली. रखवालदाराने खोबरं खाल्लं आणि खडकाच्या भरपाईसाठी माझा पत्ता लिहून घेतला.

परतीच्या गाडीत आई मावशीला फोनवर सांगत होती, "फिटला गं नवस! दिनू ना? मोठ्या कंपनीत आहे. कुठली वस्तू किती धक्क्याने फुटेल, ते आधीच सांगतो!"

(दुर्दैवाने, मी खरंच तेच काम करतो.)