वन्संनी बोलावलेला निर्माता

वन्संवर माझा कधी पुरता विश्वास नव्हता, हे आधीच लिहून टाकते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. एकोणीस वर्षं त्यांनी टीव्हीच्या मालिकांचे संवाद लिहिले. ज्या बाईने एकाच सासूला तीनदा मारून तीनदा जिवंत केलं, तिच्या ‘खरं सांगते, वहिनी’वर माणसाने किती भरवसा ठेवायचा?

काम थांबल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि दर रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत पटकथा शिकणाऱ्या मुलांचा वर्ग घेऊ लागल्या. अकरा मुलं, त्यांतली एक माझी लेक. एरवी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते.

मी आत भाजी निवडत ऐकायची. लिहायचं कसं हे वन्सं फारसं शिकवतच नसत. धंदा कसा चालतो ते सांगत. "नट आला नाही, तर त्याचं पात्र परगावी जातं. रडत बसायचं नाही, बॅग भरून द्यायची." "सातला प्रसंग मागतात आणि नऊला कॅमेरा लागतो." "गोष्ट एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आपलं नाव कुठे आहे ते आधी करारात शोधा, पडद्यावर नंतर."

मागच्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की एक निर्माते येऊन प्रत्येकाची गोष्ट ऐकणार. त्या दिवसापासून लेकीचं जेवणात लक्ष नाही. शुक्रवारी तिच्या उशीचा अभ्रा बदलताना खाली कागद सापडला. राजीनामा. तारीख सोमवारची.

"ते हो म्हणाले तर देणार, नाही म्हणाले तर फाडणार," ती म्हणाली. "आत्याला सांगू नकोस. तुला देवाची शपथ."

शपथ घालण्याआधी विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

शनिवारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर चादरीपलीकडे वन्सं फोनवर. "तू फक्त हो म्हणायचंस. सगळ्यांना हो. एकालाही नाही म्हणायचं नाही." मी चिमटे हातात धरून तशीच उभी. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं, कुठे ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जपातही तेच वाक्य मध्ये येत राहिलं.

रविवारी निर्माते आले. कोट, चकचकीत बूट. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, खाली बघितलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. मी ओळखलं. दोन वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीवर हा माणूस ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन अस्साच चष्मा काढायचा, आणि पेशंट गेलेला असायचा.

मी वन्संना खुणेने आत बोलावलं.

"वन्सं, हा निर्माता कधी झाला? आत्ताआत्तापर्यंत माणसं मारत होता."

त्या हसल्या. "तू ओळखलंस. त्या अकरांतल्या एकाने नाही. मालिका लिहायच्या आहेत सगळ्यांना, बघायच्या कुणालाच नाहीत."

"तुम्ही पोरांना फसवताय."

"शिकवतेय. या धंद्यात तोंडावर नाही कुणी म्हणत नाही, वहिनी. छान आहे, करूया, फोन करतो. मग बसा फोन उशाशी घेऊन. ही पोरं आठ दिवस बसतील, आणि पुढच्या रविवारी मी सांगेन, की सही झालेला कागद हातात येईपर्यंत हो म्हणजे काहीच नाही. फळ्यावर लिहून हे डोक्यात शिरत नाही."

"आणि या आठ दिवसांत कुणी नोकरी सोडली तर?"

"इतकं खुळं कोण असतं?" म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

शपथ होती. पण देवाशी माझं रोजचं बोलणं आहे, त्याची समजूत मी काढू शकते. लेकीची नोकरी गेली तर ती कोण देणार? मी राजीनाम्याचं सांगून टाकलं.

वन्सं ओट्याला टेकल्या. "मी शाळेत शिकवत होते ना," त्या हळूच म्हणाल्या, "ती नोकरी मी अशाच एका होवर सोडली. दुसऱ्याच दिवशी. त्या माणसाचा फोन अजून यायचाय."

आमच्या घरात आजवर सांगितलं जायचं, की वन्संनी कलेसाठी शाळा सोडली. सांगणाऱ्या अर्थात त्याच.

त्या बाहेर गेल्या. लेक गोष्ट सांगत होती, ऐन मध्यावर आली होती. "थांब," वन्सं म्हणाल्या. "हे निर्माते नाहीत. नट आहेत, माझ्या ओळखीचे. मीच बोलावलं. यांचं हो खोटं आहे."

ज्या मुलाला आधीच हो मिळालं होतं, त्याने जिन्यात जाऊन वडिलांना कळवूनही टाकलं होतं. तो चपला घालून गेला. आणखी एक मुलगी गेली. दोघंही परत यायची नाहीत असं वन्सं म्हणतात. महिनाभर रचलेला धडा त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला, आणि उरलेल्या पोरांच्या नजरेत त्या आता लबाड ठरल्या. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्या तशा वाटल्या नाहीत.

सोमवारी लेक लॅबला गेली. आत्याशी अबोला, माझ्याशी दुप्पट. बुधवारी जेवताना तिने एकदम विचारलं, "त्यांचं हो खोटंच होतं, ठीक आहे. पण ऐकली तेवढी गोष्ट त्यांना आवडली होती का?"

"फोन लाव. मला विचारशील तर तुला खरं वाटणार नाही," वन्संनी नंबर दिला.

लेकीने फोन ताटाशेजारी मोठ्या आवाजावर ठेवला. "फार आवडली," तो म्हणाला. "मनापासून सांगतो."

लेकीने आत्याकडे बघितलं. "हेपण तू शिकवलंयस?"

"नाही गं."

मी वन्संचा चेहरा निरखून बघत होते. खरं बोलत असाव्यात. असाव्यात, एवढंच लिहिते.

"मग दोन ओळी लिहून पाठवा, खाली सही करून," लेक फोनमध्ये म्हणाली. तो हो म्हणाला.

आज शनिवार. ओळी आलेल्या नाहीत. कामात असेल, असं वन्सं म्हणतात.