ऐकण्यापुरता अडॅप्टर

दादाच्या शेतात मोबाइलला रेंज नव्हती. कपिलधारच्या पलीकडे, डोंगराच्या खळग्यात ते शेत. वहिनी गेल्यावर तो शेळ्या घेऊन तिथेच राहू लागला. गावात माझ्याकडे ये म्हटलं की म्हणायचा, "आन् शेळ्या कुठं बांधू, तुझ्या गच्चीवर?" शेवटी मी सीबी रेडिओचे, म्हणजे बटण दाबून बोलायच्या वायरलेसचे, दोन संच आणले. त्याचा सोलरच्या बॅटरीवर, माझा घरच्या विजेवर. रोज संध्याकाळी सातला बोलायचं ठरलं.

घरच्या विजेसाठी अडॅप्टर लागणार होता. मी अंदाजाने वस्तू घेत नाही. मोटारसायकलच्या बॅटरीवर संच लावला आणि तो किती करंट ओढतो ते मीटरने मोजलं. अर्धा ॲम्पियर भरला. दुप्पट धरून बारा व्होल्ट, एक ॲम्पियरचा अडॅप्टर घेतला. दुकानदार म्हणाला, "पाच ॲम्पियरचा सप्लाय न्या, काका." मी त्याला माझा आकडा सांगितला. त्याने एकचा काढून दिला.

दादाचा आवाज स्वच्छ यायचा.

"दादा, गुडघा कसा आहे? ओव्हर."

"काळी शेळी व्याली. दोन पिलं हायत."

"गुडघ्याचं विचारलं मी. गोळ्या घेतोस ना?"

"हां, हां. लई चांगलं ऐकू येतंय. जेवलास का?"

वयामुळे त्याचं लक्ष राहत नाही, अशी मी समजूत करून घेतली. एकदा चिडून म्हणालोही, "ऐकायचंच नसेल तर बटण बंद कर." तो म्हणाला, "बरं, बरं. उद्या बोलू."

पौषात तो झोपेतच गेला. दिवसकार्य झाल्यावर मी सामान आवरायला शेतावर गेलो. त्याच्या शेळ्या शेजारच्या मेंढपाळाने सांभाळल्या होत्या. रेडिओकडे बघत तो म्हणाला, "तुमचं बोलणं काय कळायचंच न्हाई. नुसती घुरघुर. ती थांबली की दादा बोलायचे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हणलो की त्यांना. तर म्हणले, त्यानं मोजून आणलंय, त्याचं चुकत नसतंय. उगं त्याला वाईट वाटंल."

घरी येऊन पुन्हा मीटर लावला. संच नुसता ऐकत होता तेव्हा बारा व्होल्ट. बोलायचं बटण दाबलं आणि आकडा साडेआठवर आला, म्हणजे तिकडे माझ्या आवाजाची घुरघुरच. अडॅप्टर हाताला गरम लागला. मी करंट मोजला होता तो बटण न दाबता. बोलताना संच दोन ॲम्पियरच्या वर ओढतो, हे संचाच्या कागदावर छापलेलं होतं. दुप्पट करण्याच्या समाधानात मी ते वाचलं नव्हतं. सात महिने दादा रोज सातला घुरघुर ऐकायला बसत होता.

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन पाच ॲम्पियरचा सप्लाय आणला. लोखंडी पेटीसारखा जड आहे. बटण दाबून मोजलं. आकडा हलला नाही.

दादाचा संच मी मेंढपाळाकडेच ठेवला आहे. सातला त्याला हाक मारली आणि म्हणालो, "मी काय बोलतो ते जसंच्या तसं परत सांगायचं. गुडघा कसा आहे? गोळ्या घेतोस ना? ओव्हर."

मग त्याचा आवाज आला, सावकाश.

"गुडघा कसा आहे, म्हणलात. गोळ्या घेतोस ना, म्हणलात."