तिसऱ्या गाण्यातली जागा

नवऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांतला लाडका सिंथ-पॉप अल्बम इतक्या वर्षांनी नव्याने निघालाय, तेव्हा गाळलेल्या गाण्यांसकट. आज त्याने तो लावला आणि डोळे मिटले. मी समोर मटार सोलत होते. तिसऱ्या गाण्यात सिंथेसायझर एकटाच वाजतो, तिथे तो हसला.

मला ती जागा ठाऊक आहे. तेव्हा मित्राच्या रेकॉर्डवरून कॅसेट करायची, तर टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. नेमकी तिथेच त्यांच्या कंपूतली वृंदा फिस्सकन हसली आणि ते हसू टेपमध्ये कायमचं राहिलं. लग्नानंतर ती कॅसेट तुटेपर्यंत मी ते ऐकलं. मेली हसायचीही गोड.

"बघ, जराही खरखर नाही," तो म्हणाला.

गाळलेली गाणी त्यानेही कधी ऐकली नव्हती. ती तरी आमची दोघांची होतील, म्हणून मी मटार बाजूला ठेवून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"थांब हं," म्हणत त्याने पुन्हा तिसरंच गाणं लावलं. ती जागा आली. कुणीच हसलं नाही, आणि ते आम्हां दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं.