चमचा दुसऱ्याच्या तोंडाकडे

दोन वर्षांच्या पोराला चमच्याने खाता येत नाही म्हणून एका बाईची नोकरी जाऊ शकते, हे मला गेल्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. पोरगं तिचं. नोकरी धुळ्यातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, बाळंतपणानंतर कशीबशी मिळालेली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. तिच्या घराजवळ पाळणाघर एकच, आणि तिथल्या बाईंनी आधीच सांगून टाकलेलं, "मूल स्वतःचं स्वतः खाणारं पाहिजे. पहिला दिवस बघेन. भरवावं लागलं तर दुसऱ्या दिवशी आणू नका. मला हात दोनच आहेत."

मला या बाईंचा राग आला नाही. राग आला ताईच्या सासूबाईंचा. त्या पारोळ्याला असतात. त्यांनी फोनवरच तोडगा काढून ठेवला होता, "तुले नोकरी करनी शे ना, कर. पोऱ्याले मन्हाजोडे ठेव." आणि दाजी म्हणाले, "आई म्हणते त्यात वाईट काय?" म्हणजे ताईने पोराला पारोळ्याला ठेवायचं आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यासारखं भेटून यायचं, नाहीतर घरी बसायचं. दोन रस्ते दाखवले की जबरदस्तीला जबरदस्ती म्हणावं लागत नाही. सोय म्हणता येतं.

ताई पोराला घेऊन जळगावला, पिंप्राळ्यात माहेरी आली. एक तारखेच्या आत त्याला खायला शिकवू, आई आहे, तू आहेस, म्हणाली. मी होते हे खरं. आई होती हीच अडचण होती.

माझी आई नातवाला जेवण देत नाही, त्याच्यामागे जेवण घेऊन फिरते. बाहेर जळगावचं ऊन, फरशी तापलेली, आणि ही वाटी घेऊन कॉलनीभर. शेजाऱ्यांच्या स्कूटरवर त्याला बसवायचं. त्याने हॉर्न दाबला की तोंड उघडतं, तेवढ्यात घास आत. कुत्रं दाखवून एक, रिक्षा दाखवून एक. कोपऱ्यावरचे किराणावाले नाना, मारवाडी घरातले, पोरगं दिसलं की बरणीतून बिस्कीट काढून थेट त्याच्या तोंडात ठेवतात. हातात नाही. तोंडात.

मी चिडले. फाटकावर मोठ्या अक्षरांत कागद लावला: या बाळाला कृपया कोणीही भरवू नये.

समोरच्या काकू स्कूटर काढता काढता ओरडल्या, "काय गं, वाघ पाळलाय का घरात?"

नानांना मी दुकानात जाऊन समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, मी कुठे भरवतो? मी तर प्रसाद देतो."

आईने कागद वाचलाच नाही. "मी काय कोणीही आहे का?"

मग ताईने एक छोटा स्टीलचा चमचा आणला आणि मी नियम केला: दुपारी बाराला खिचडी, ताटली जमिनीवर, चमचा त्याच्या हातात, कोणी मदत करायची नाही. आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलो. पंखा गरम हवा फिरवत होता. पोराने चमचा धरला. खिचडीत घातला. भरला. मला वाटलं होतं सांडेल, उलटा होईल, भिंतीवर जाईल. काही नाही. जीभ बाहेर काढून, डोळे चमच्यावर ठेवून तो उठला, एक शीतही न सांडता चालत आला आणि चमचा माझ्या आईच्या तोंडापाशी नेला.

"आ कल."

आईने आ केला. डोळ्यांत पाणी. "बघ कसा आजीला भरवतो, माझा सोन्या!"

दुसरा चमचा ताईला. तिसरा मला. मी तोंड मिटून ठेवलं. त्याने चमचा माझ्या ओठांवर दाबला, दात लागले, खिचडी गळ्यावर सांडली. ताटली रिकामी झाली आणि तो उपाशी. मग आला, ताईसमोर बसला आणि स्वतःचं तोंड उघडलं.

रोज हेच. हाताला सगळं येत होतं. दिशा चुकत होती. "तुझ्या तोंडात घाल, तुझ्या," ताई त्याचं मनगट धरून वळवायची, की तो मूठ सोडायचा आणि चमचा खणकन खाली. मी फर्मान काढलं की सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची. तो भरलेला चमचा घेऊन एकेकीपुढे गेला. आई, ताई, मी. परत आई. ओठ थरथरायला लागले त्याचे. आईने तोंड उघडलं आणि मला म्हणाली, "तुझं आंदोलन तुझ्या चौकात कर. माझ्या घरात उपाशी पोर ठेवून नाही."

मी तणतणत बाहेर गेले. परत आले तर आई आणि ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानेच जेवत होत्या. पोरगं पुढच्या खोलीत झोपलेलं. बाबा त्यांच्या दुकानातून येऊन, टीव्हीसमोर एकटे जेवून, परत गेलेले. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात राहिला.

या पोराने कुणाला जेवताना पाहिलेलंच नव्हतं.

धुळ्याला तेच, पारोळ्याला तेच. आधी बाळाला भरवा, ते झोपलं की पुरुषांना वाढा, मग बायका उरलेलं ओट्यापाशी गिळतील. त्याला अन्न एकाच वाटेने जाताना दिसलं होतं: एकाच्या हातातून दुसऱ्याच्या तोंडात. तो तेच करत होता. पोरगं चुकत नव्हतं, आमचं घर जसं चालतं तसं करून दाखवत होतं. मी बायकांच्या श्रमांवर पत्रकं लिहिते, चौकाचौकात वाटते, आणि बसायचं कुणी, उभं राहायचं कुणी, हे आमच्याच घरात एका शेंबड्या पोरानं दाखवावं!

बाबांना सांगितलं, उद्यापासून सगळ्यांनी एकदम बसायचं. खाली, गोल.

"माझ्या जेवणात राजकारण नको," बाबा म्हणाले.

"मग नातू पारोळ्याला जाईल."

दुसऱ्या दिवशी बाबा बाराला आले, आणि टीव्ही लावला नाही.

आई बसेना. "वाढायचं कुणी? गरम भाकरी कोण देणार?" ताईने तिला खांदे धरून खाली बसवलं. भरीत, भाकरी, खिचडी, सगळं मधोमध. आई परक्याच्या घरी बसल्यासारखी बसली होती, एक पाय उठायच्या तयारीत. पोराने सवयीने पहिला चमचा तिला नेला. तिने खाल्ला. मग ती आपल्या ताटातलं खायला लागली. त्याने दुसरा भरला आणि बघत राहिला. बाबा खात होते. ताई खात होती. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे न बघण्याचं नाटक करत होते. चमचा हवेत. बराच वेळ हवेत. मग तो त्याच्या नाकावर गेला, हनुवटीवर गेला, अर्धा तोंडात गेला.

आई उठायला निघाली. बाबांनी तिचा पदर धरला. "बस."

एवढ्याने झालं असं मला म्हणायचं नाही. कधी खायचा, कधी चमचा फेकायचा, कधी फक्त मलाच भरवायचा. आणि महिना संपला.

आम्ही एसटीने धुळ्याला निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ताईने ओढणी पोराच्या डोक्यावरून घेतली. "ऊन आहे," म्हणाली. ऊन पलीकडच्या बाजूला होतं.

एक तारखेला ती लॅबला गेली आणि मी पाळणाघराच्या फाटकाशी उभी राहिले. आत रडण्याचे आवाज येत होते, प्रत्येक आवाज मला त्याचाच वाटत होता. दुपारी बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात त्याचा शर्ट, वरणाने पिवळा झालेला.

"अर्धं पोटात, अर्धं अंगावर," त्या म्हणाल्या. "पण भरवायला हाक नाही मारली कुणाला. उद्या दोन शर्ट पाठवा."

उद्या म्हणाल्या. मी तिथूनच ताईला फोन केला. तिने मला बाईंचं वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी पारोळ्याहून सासूबाईंचा फोन आला. ताईने स्पीकरवर टाकला.

"जेवना का मन्हा नातू?"

"जेवला."

"कोनी खावाडं?"

"कोणी नाही. स्वतः जेवला."

"उपाशी ऱ्हायना म्हन मंग." मग ताईच्या सासऱ्यांनाही मध्ये आणलं, "मी रविवारले येस. आबाबी येतीन. देखसू आम्ही."

"या," ताई म्हणाली. "आबांना सांगा, सगळे एकदम बसू जेवायला. मीसुद्धा. तो तसाच खातो."

"आबासना समोर? तू?"

"हो."

फोन कटला की त्यांनी ठेवला, कळलं नाही. दाजी दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ते चप्पल काढायचं विसरले होते.

ताईने पोराचा शर्ट बादलीत भिजवला. चोळायला लागली, थांबली.

"आणि रविवारी आबांच्या समोर त्याने चमचा फेकला तर?"

मी दुसरा शर्ट शोधायला लागले.