आईची पायरीचाचणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यातून विषय घेतला व्यायामशास्त्र. आमच्या चांदीप गावात हे समजावून सांगणं मला अजून जमलेलं नाही. शेजारची काकी दर वेळी विचारते, "मंग जिमची मास्तरीन होनार का गो?" मी हो म्हणून मोकळी होते.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प होता. घरातल्या चाळिशीपुढच्या एका माणसाची चाचणी घ्यायची. ठरावीक उंचीच्या पायरीवर तालात तीन मिनिटं चढायचं-उतरायचं, मग बसवून नाडी मोजायची. नाडी जितक्या लवकर शांत होते, तितकं हृदय दमदार. मी आईची चाचणी आमच्या ओट्याच्या पायरीवर घेतली. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता. तिथे मी लिहिलं, गृहिणी. त्याखाली, शारीरिक श्रम : बैठे.

खरं म्हणजे आई उजाडायच्या आधी विहिरीचं पाणी ओढून मुळा-मेथी शिंपते. मग भाजीची टोपली घेऊन विरारला स्टेशनजवळ विकायला बसते. माझ्या वर्गातल्या मुली त्याच रस्त्याने कॉलेजला येतात. एकदा त्यांच्याबरोबर असताना मी समोरच्या फुटपाथवरून निघून गेले होते. आईने मला पाहिलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

प्रकल्प तपासताना मॅडमनी माझा फॉर्म वर धरला. "काम बैठं, आणि नाडी इतक्या लवकर शांत? घोड्याची मोजलीस का गं?" वर्ग हसला. मग त्या हळू म्हणाल्या, "आकडे मनाने टाकलेस ना?"

"नाही मॅडम." आई भाजी विकते, हे सांगितलं नाही. सगळ्या ऐकत होत्या.

"मग बुधवारी आईंना घेऊन ये. माझ्यासमोर चाचणी करू. नाहीतर प्रकल्प बाद."

प्रकल्प बाद म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. घरी मी अर्धंच सांगितलं.

"मना काय इचारतील?" आईने विचारलं.

"काही नाही. पायरीवर चढायचं फक्त."

"एवड्यासाठी कॉलेज लागतं?"

बुधवारी टोपली शेजारच्या भाजीवालीवर सोपवून ती आली. चांगली साडी नेसली होती. चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढून ठेवल्या. पिशवीतून चुंबळ डोकावत होती, टोपलीखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची गुंडाळी. ट्रेडमिलकडे बघून तिने मला हळूच विचारलं, "ह्याच्यावर चालून कुठं पोचतात?"

मॅडमनी फॉर्म समोर घेतला. "आई, इथे गृहिणी लिहिलंय. दिवसभर घरीच असता का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती म्हणाली, "हां मॅडम. घरीच असते. काय काम नाय."

बोलताना तिने पिशवी मागे सरकवली.

तिला वाटलं, असं म्हटल्याने मी वाचेन. पण त्याने मी आणखीच खोटी ठरत होते, आणि ते तिला कळणार नव्हतं. मी फॉर्मवर बोट ठेवलं. "मॅडम, आई शेतात काम करते. स्टेशनजवळ भाजी विकते. टोपली डोक्यावरून आणते. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. आकडे मात्र खरे आहेत."

मॅडमनी फॉर्म खाली ठेवला. "हे तेव्हाच सांगितलं असतंस तर आईंचा आजचा बाजार बुडला नसता," एवढंच म्हणाल्या.

तरी चाचणी झालीच. तालासाठी यंत्राची टिकटिक सुरू झाली आणि आई चढू-उतरू लागली, बांधावर चढावं तशी, कुठेही न बघता. तीन मिनिटांनी तिने विचारलं, "झालं? अजून करू?" मॅडमसमोर ती खुर्चीवर बसेना. "बसा हो आई, बसल्याशिवाय मोजता येत नाही." शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकली. मॅडमनी स्वतः तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत मोजलं आणि माझ्या आकड्यांशी ताडून पाहिलं.

"बरोबर मोजलंस," त्या म्हणाल्या आणि पेन माझ्याकडे दिलं. "रकाना दुरुस्त कर. प्रकल्प ठेवते मी."

मी त्याच पायरीवर मटकन बसले. आई मॅडमना म्हणाली, "आता हिची नाडी बघा. हिचीच धडधडते."

बाहेर पडल्यावर तिने पहिलं विचारलं, "पास झालीस ना?"

"परीक्षेला बसता येईल."

"मंग झालं." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तू समोरून गेलीस, तवा मी मुद्दाम हाक नाय मारली. बोलले, मैतरनी हायेत."

टोपली ठेवली होती तिथे पोचलो, तर भाजीवर उन्हाची तिरीप आली होती. सावलीची जागा कोपऱ्यापलीकडे होती. मी तिच्या पिशवीतून चुंबळ काढली आणि डोक्यावर ठेवली.

"तुला नाय जमायचं."

"उचलून दे ना."

तिने आणि शेजारच्या बाईने मिळून टोपली चढवली. वजन एकदम गुडघ्यात उतरलं. आईने चुंबळ बोटभर मागे सरकवली. "पायाकडं बघू नको," ती म्हणाली. "समोर बघ आनि चल."

कोपऱ्यावर आमच्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. मी समोर बघत चालले.