पहिली फेरी फुकट

माझे मामा बँकेतून निवृत्त झाले आणि मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेचे खजिनदार झाले. घोड्याजवळ जायला घाबरत, लीद दिसली की विजार वर धरून चालत. पण देणगीचा पैसा असा जपत की मुलं त्यांना 'कुलूप' म्हणायची. मी तिथे शिकवायचे.

वहीत त्यांनी प्रत्येक घोड्याला वेगळं पान दिलं होतं. एका बाजूला चारा, नाल, औषधं. दुसऱ्या बाजूला त्याच्या फेऱ्यांची फी. नऊ वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालली. फक्त 'म्हातारी'च्या पानावर नुसताच खर्च. म्हातारी म्हणजे आमची बुटकी, संथ घोडी. नव्या मुलाला आधी तिच्यावर बसवायचो, आणि पहिली फेरी फुकट असायची. मग तिच्या नावावर जमा होणार काय, कपाळ?

दहाव्या वर्षी मोठी देणगी बंद झाली आणि गवत महागलं. मामा वही घेऊन माझ्याकडे आले.

"म्हातारीला विकलं तर हे वर्ष निघेल. चार नवी खोगिरंही येतील. तुझं काय म्हणणं?"

त्या खोगिरांसाठी मी दोन वर्षं त्यांचं डोकं खाल्लं होतं. म्हातारीमुळे मुलं टिकतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मी मोकळी झाले.

खोगिरं झकास आली. नवी मुलं मात्र उंच घोडा बघून आईमागे लपत, ती पुन्हा फिरकत नसत. जुनी मुलं मोठी होऊन निघून गेली. मामांनी दुप्पट पैसे देऊ करून म्हातारीला परत मागितलं, पण घेणाऱ्याने ती नातीसाठी घेतली होती, तो बधला नाही. तशी दुसरी मिळेपर्यंत तबेल्याचं भाडंही निघेनासं झालं.

शेवटी संस्था बंद केली. तबेल्याची किल्ली मालकाला देऊन आम्ही चालत घरी निघालो. मला स्वतःची लाज वाटत होती.

"मला घोड्यांतलं काय कळतंय गं," मामा म्हणाले. "वहीत दिसलं तेवढंच मी बघितलं. तू का नाही बोललीस?"

"मला खोगिरं हवी होती, मामा."

ते थांबले.

"एवढंच ना? मग मला सांगायचंस. माझ्या पेन्शनमधून आणली असती."