डोईचा पटका, पायातलं पायताण

उपासना सुटली की चर्चच्या दारात एखादी चप्पल हमखास उरते. कुणाची म्हणून विचारायला जावं तर धनी गावाच्या वाटेला लागलेला असतो. माझ्याकडचे किस्से असेच उरलेले आहेत. निजामाच्या राज्यात, जालन्याच्या आमच्या चर्चच्या दारात मी इतके नाताळ उभी राहिले, की ढीगच साचलाय!

मी मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. नाताळ आला की धावड्याकडची, वडीगोद्रीकडची ख्रिस्ती माणसं पायी निघायची. वाटेत मुक्काम, भजनं, तीन दगडांची चूल. इकडे दारात बायकांच्या बाजूला मी आणि पुरुषांच्या बाजूला शलमोनमामा. मामा म्हणजे चर्चचे शिपाई, मिशांपासून काठीपर्यंत सगळं कडक. मिशनच्या गोऱ्या मडमसाहेबांनी रूल घालून दिलेले : पायताण बाहेर, कपडे स्वच्छ, बायकांच्या डोक्यावर पदर आणि पुरुषांचं डोकं उघडं.

हा शेवटचा रूल लोकांच्या पचनी पडेना. आमच्याकडे बोडकं डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलंय! मामा दर नाताळला घसा फोडून सांगायचे, "बायांनी झाकायचं, बाप्यांनी उघडायचं!"

धावड्याची सांताआजी एकदा थांबलीच. "म्हंजी आमची येणी देवाला बघायची न्हाई, अन् ह्यांचं टक्कल बघायचंय व्हय?"

मामांनी तिला आधी आत सोडलं.

*

ह्याच सांताआजीचा दुसरा किस्सा. सगळ्यांचे पाय अनवाणी आणि मडमसाहेब मात्र बूट घालून टॉक टॉक करत पहिल्या बाकावर. त्यांच्या देशात तशीच रीत, आम्हाला सवय झालेली. आजीला कुठली सवय! ती पूर्ण उपासनाभर त्या बुटांकडे बघत बसली. बाहेर आल्यावर कमरेच्या पिशवीतून हळदीची पुडी काढून माझ्या हातात कोंबली.

"बाई, मडमीच्या पायाला जखम झाली दिसती. इचारा तिला, लई दुखून राह्यलं का?"

मडमसाहेबांनी मला विचारलं, आजी काय म्हणते? खोटं कसं बोलू? सांगितलं. त्या लालबुंद झाल्या. मग त्यांनी ती पुडी घेतली, आजीला "उपकार" म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी बूट दारात! तेव्हापासून मामा सगळ्या चपला सोडून त्या एका जोडाजवळ काठी घेऊन उभे.

*

स्वच्छ कपड्यांचा रूलही असाच. चालून चालून माणसं धुळीनं माखलेली असायची, म्हणून चांगले कपडे गाठोड्यात आणायचे आणि शाळेच्या न्हाणीत अंघोळ करून बदलायचे, असं ठरलेलं. एका नाताळला धावड्याच्या बायका अंघोळ करून आल्या, पण नेसून आल्या तीच जुनी, विरलेली लुगडी. नवी लुगडी डोक्यावरच्या गाठोड्यात!

मी चिडले. "अगं, नवं लुगडं मग आणलं कशाला?"

"घरी जाताना नेसायला," त्यातली एक शांतपणे म्हणाली. "देव आमाला रोज जुन्यातच बघतो बाई. गावानं नव्यात बघाया पायजे!"

मी सगळ्यांना आत घेतलं आणि मडमसाहेबांपुढे ती जुनी लुगडी बघितलीच नाहीत असं दाखवलं.

*

कोटाचं तर सांगायलाच हवं. परदेशातून दानात एक काळा कोट आला होता. जुन्या जालन्यातल्या दर्जीचाचांना मी तो दाखवला, तर हसून म्हणाले, "बाई, इसमें तो दो आदमी आ जाते!" तरी शास्त्रपाठ वाचणाऱ्यानं कोट घालायचा, अशी पद्धत पडली. धोतरावर कोट! एका गावचा वाचक उतरला की कोट काढून दुसऱ्याच्या अंगावर.

एकदा वडीगोद्रीचा वाचक चष्मा पुसायला खिशात रुमाल शोधू लागला, तर हातात आली अर्धी भाकर, ठेच्यासकट! आधीचा वाचक वाटेतली शिदोरी खिशातच विसरला होता.

आमचे पाळकसाहेब म्हणाले, "आधी वाचा, मग खा."

*

पण सगळ्यांत मोठा किस्सा वडीगोद्रीकडच्याच याकोबाचा. हा म्हातारा दर नाताळला पायी यायचा आणि बाहेरच बसायचा. खिडकीखाली, लिंबाच्या झाडाजवळ, डोक्याला लाल पटका. पायताण आनंदानं काढायचा, पटका नाही. आतल्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायचा मात्र तोच.

दर वर्षी मामा म्हणायचे, "याकोबा, पटका काढ अन् आत चल."

"न्हाई मामा. हितं बराबर हाय."

एकदा मीच जवळ जाऊन बसले, विचारलं. तो पटका चाचपत म्हणाला,

"बाई, गावात पाटलाच्या दारापुढून जाताना पटका काखेत अन् पायताण हातात धरावं लागतं. माझ्या बापानं बी तेच केलं. पायताणाचं काई न्हाई, पायाला धूळ असती. पर येशूच्या दारात बी डोकं बोडकं करा म्हन्ता, मंग फरक काय राह्यला?"

पण रूल मडमसाहेबांचा आणि मी मास्तरीण. मी उठून पुन्हा दारात उभी राहिले.

पुढच्या नाताळला त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता. मुलगा वर्षभरापूर्वी तापानं गेलेला. सून दारात अडून बसली. "बाप न्हाई पोरीला. आज्ज्याच्या हातूनच तिला पाळकसाहेबांकडं देईन. न्हाईतर बाप्तिस्मा नको."

याकोबा नात छातीशी धरून पायरीखाली उभा. मामांची काठी आडवी. आत लोक माना वळवून बघताहेत, मडमसाहेब ओठ आवळून बसलेल्या. थंडी अशी की पोर कुडकुडत होतं.

पाळकसाहेब वेदीवरून उतरले. आमच्यातलेच ते, ह्याच मातीतले. लांब पांढरा झगा सावरत सरळ दारापर्यंत आले. मला वाटलं, आता याकोबाला समजावणार. पण दाराशी काढून ठेवलेल्या पटक्यांच्या ढिगातून त्यांनी एक उचलला, झटकला, स्वतःच्या डोक्याला गुंडाळला आणि माघारी फिरले.

मग पुरुषांची अशी झुंबड उडाली की विचारू नका! ज्याच्या हाताला जो लागेल तो पटका डोक्यावर. धावड्याचा पटका वडीगोद्रीला आणि वडीगोद्रीचा धावड्याला! शलमोनमामांनी काठी भिंतीला टेकवली आणि खांद्यावरचा पंचा डोक्याला बांधला. मडमसाहेब उठल्या नाहीत. पण सरकून त्यांनी पहिल्या बाकावर सुनेला जागा करून दिली.

याकोबा नातीला घेऊन आत आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. लाल पटका ताठ, मान त्याहून ताठ. पाळकसाहेबांनी पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं. गार पाणी! पोरीनं असा टाहो फोडला की कबुतरं उडाली.

आणि याकोबानं, सगळ्या चर्चदेखत, डोक्यावरचा पटका सोडला. फेर उलगडत गेला, लांबच लांब. त्यानं पोरीचं डोकं पुसलं आणि उरलेल्या पटक्यात तिला नीट गुंडाळलं. त्याचं टक्कल चकाकत होतं.

मामांना राहवलं नाही. "अरे याकोबा, आता का काढला? आता तर सगळ्यांनी घातलाय!"

"आता कुणी काढ म्हन्लं न्हाई ना मामा," याकोबा म्हणाला, "म्हून काढला."